उपाशी न राहता वजन उतरवायचंय आणि ते परत येऊ द्यायचं नाहीये, ठाणे-ऐरोलीच्या धावपळीत काय जमेल?

जुई_मानपाडा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझं वय ३९, उंची १५७ सेंटीमीटर, वजन ७८ किलो. मुलगा सहावीत आहे, घरी सासूबाई असतात, नवऱ्याची शिफ्ट ड्युटी. राहते घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ आणि ऑफिस ऐरोलीला, म्हणजे आधी बस किंवा रिक्षाने ठाणे स्टेशन, मग ट्रान्स हार्बर, मग ऐरोलीला उतरून शेअर रिक्षा. घोडबंदरचं ट्रॅफिक ज्यांना माहितीये त्यांना वेगळं सांगायला नको. पावणेआठला घर सोडते ते रात्री साडेआठपर्यंत परत.

नुकतंच ऑफिसचं हेल्थ चेकअप झालं, त्यात एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी, ५.९ आलं. डॉक्टर म्हणाल्या अजून डायबिटीस नाही पण उंबरठ्यावर आहात, गोळी नको, वजन उतरवा. माझ्या वडिलांना पन्नाशीच्या आत शुगर लागली होती, पुढे त्यांच्या डोळ्यांचं आणि पायाचं काय झालं ते मी जवळून बघितलंय, त्यामुळे या वेळी खरंच मनातून वाटतंय की काहीतरी करायचं आणि ते टिकलं पाहिजे.

टिकलं पाहिजे असं म्हणतेय कारण मुलगा लहान असताना एके ठिकाणी वजन कमी करायचं पॅकेज घेतलं होतं. सकाळी आणि रात्री पावडरचा शेक, दुपारी सॅलड, बस. वजन भराभर उतरलं, सगळ्यांनी कौतुक केलं, मग दोन-तीन महिन्यांनी केस मुठी-मुठीने गळायला लागले, चक्कर यायची, मुलावर विनाकारण ओरडायचे, आणि पॅकेज संपल्यावर वर्षभरात सगळं वजन परत आलं, वर दोन-तीन किलो जास्तीचे. ते आता नको.

आत्ताचं खाणं सांगते. सकाळी पोहे किंवा उपमा आणि चहा. डब्यात तीन पोळ्या आणि भाजी. ऑफिसात दोन-तीन वेळा मशीनचा चहा, सोबत बिस्किट. संध्याकाळी स्टेशनला उतरले की इतकी भूक लागलेली असते की वडापाव नाहीतर समोसा होतोच, बससाठी रांगेत उभं राहायचं असतं ना. रात्री दहाच्या सुमारास भात-आमटी, पोळी, भाजी. सासूबाई खूप प्रेमाने करतात, त्यांना वेगळं काही करायला लावणं मला जमणार नाही. घरात सगळ्यांसाठी एकच जेवण ठेवून, भात पूर्ण न सोडता, हे होऊ शकतं का? ज्यांचं वजन उतरून काही वर्षं टिकलंय त्यांनी प्लीज लिहा.

नेरुळचा_वाटसरू

जुईताई, ५.९ वेळेत कळलंय हे फार चांगलं झालं. मी नेरुळचा, वय ४७, वजन ९४ होतं ते ८१ वर यायला दोनेक वर्षं लागली, आणि त्यानंतर ते तिथेच आहे, म्हणून लिहायची हिंमत करतोय.

आमच्याकडे सुरुवात तेलाच्या कॅनपासून झाली. बायकोने एकदा हिशोब मांडला, चार माणसं आणि महिन्याला पाच लिटर तेल. एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅम तेल, ३४० कॅलरी, आणि यात तूप, दाण्याचं कूट, खोबरं धरलेलंच नाही. आता तीन लिटर लागतं. काही केलं नाही, फक्त कॅनमधून थेट कढईत ओतणं बंद करून चमच्याने मोजून फोडणी, पोळ्यांऐवजी रोजचे फुलके, आणि तळण रविवारी एकदाच. माणशी रोज १३५ च्या आसपास कॅलरी कमी झाल्या म्हणजे महिन्याला चार हजार, आणि एक किलो चरबीला ७७०० कॅलरी धरतात, तर कागदावर महिन्याला अर्धा किलो. शरीर इतकं सरळ हिशोबाने चालत नाही हे मान्य, पण दिशा कळते, आणि घरात कोणालाही आपण डाएटवर आहोत असं वाटलं नाही हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

दुसरं चहा. मशीनचा चहा मुळातच गोड असतो. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे धरले तर ३५-४० ग्रॅम साखर होते, डब्ल्यूएचओ म्हणतं की दिवसभरातली वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी. मी आधी दोनाचा दीड केला, मग एक, मग अर्धा, महिन्याला एकेक पायरी. आता गोड चहा तोंडात धरवत नाही.

तिसरं, आणि तुमच्या बाबतीत मला हेच मुख्य वाटतं, ती स्टेशनवरची भूक. दुपारी दीडला जेवून थेट साडेसात म्हटलं तर सहा तास होतात हो, मध्ये नुसता चहा आणि बिस्किट, मग वडापाव दिसल्यावर मनाचा निग्रह वगैरे काही चालत नाही. ऑफिस सुटायच्या आधी, पाचच्या आसपास, पर्समध्ये ठेवलेले मूठभर फुटाणे, नाहीतर एक उकडलेलं अंडं, नाहीतर दह्याची वाटी खाऊन निघा. चार दिवस करून बघा, स्टेशनबाहेरचा तो तळणीचा वास तितका ओढत नाही. वडापाव कायमचा सोडा असं मी म्हणणार नाही, शनिवारी घरच्यांबरोबर आवडीने खा. पण एक वडापाव म्हणजे तीनशेच्या आसपास कॅलरी आणि अर्धा तास भरभर चालल्यावर १२०-१५० जातात, त्यामुळे खाऊन चालून टाकू हे गणित बसत नाही. चालायचं ते शुगरसाठी, झोपेसाठी, डोकं शांत राहण्यासाठी.

मी सकाळी ज्वेल ऑफ नवी मुंबई या बागेत तळ्याभोवती चालतो कारण ते मला घराजवळ आहे. तुम्हाला सकाळी पावणेआठला निघायचं असेल तर सकाळचा हट्ट धरू नका, ऐरोली स्टेशन ते ऑफिस शेअर रिक्षा सोडून चालत जा, येताना पण. रोजचं होतं, कपडे बदलायला नकोत, वेगळा वेळ नको.

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर. आणि काट्याबरोबर टेप पण ठेवा, कमरेचा घेर आपल्या लोकांसाठी बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटीमीटरच्या आत हवा असं धरतात.

आहारतज्ज्ञ_पाचपाखाडी

नेरुळकरांनी तेल, साखर आणि संध्याकाळची भूक हे तिन्ही बरोबर पकडलंय, मी त्यात भर घालते. व्यवसायाने आहारतज्ज्ञ आहे, पण जुई, तुमचे सगळे रिपोर्ट मी बघितलेले नाहीत हे लक्षात ठेवून वाचा.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३१.६ येतो. आपल्याकडे २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, कारण आपल्या लोकांत पोटाभोवतीची चरबी कमी वजनालाच त्रास द्यायला लागते. हे वाचून लगेच ५५ किलोचं स्वप्न बघू नका. पहिलं लक्ष्य ७ टक्के, म्हणजे तुमचे साडेपाच किलो. हा आकडा हवेतला नाहीये. अमेरिकेत तुमच्यासारख्याच उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून जास्त लोकांवर मोठा अभ्यास झाला होता, २००२ साली प्रसिद्ध झाला, त्यात एका गटाला ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढंच ध्येय दिलं होतं. त्या गटात डायबिटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. साडेपाच किलोला तीन-चार महिने द्या. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वेगाच्या मागे लागू नका.

मागच्या वेळी केस का गेले ते तुमच्याच लिहिण्यात आहे. एकदम खाणं तोडलं की शरीर केसांची वाढ थांबवतं, पण ते केस गळायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून लोकांना त्याचा संबंध लक्षात येत नाही, ते शाम्पू बदलत बसतात. आणि वजन उतरलं त्यात चरबीबरोबर स्नायूही गेले. परत आलं ती मात्र बहुतेक चरबीच. पगार कमी झाला की घर खर्च आवरतं तसं शरीरही कमी खाण्यावर भागवायला शिकतं, मग शेक बंद करून नेहमीचं जेवण सुरू केलं की तेच जेवण जास्त होतं. यात तुमच्या इच्छाशक्तीचा काही दोष नव्हता हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका स्वतःला दोष देत बसलेल्या असतात.

आता ताट. तुम्ही लिहिलंय त्यात मी प्रोटीन मोजलं, जेमतेम ३० ते ३५ ग्रॅम भरतंय. राष्ट्रीय पोषण संस्था किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगते, तुमच्या उंचीला साठेक किलो धरले तर ५० ग्रॅम, आणि वजन उतरवताना स्नायू राखायचे असतात म्हणून मी ६०-६५ पर्यंत नेते. किडनीचा काही त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं. हे वाढवायला पावडर लागत नाही. सकाळी पोहे निम्मे करा आणि सोबत दोन अंडी, किंवा आठवड्यातून तीनदा पोह्यांच्या जागी मुगाचं धिरडं. डब्यात तीनच्या दोन पोळ्या, भाजी दुप्पट, आणि एका छोट्या डब्यात मटकी-मुगाची उसळ किंवा पन्नास ग्रॅम पनीर, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये ९ ग्रॅम प्रोटीन आहे. रात्री आमटी पातळ नको, घट्ट वरण वाटीभर. सोया वड्या घरात चालत असतील तर तीस ग्रॅम कोरड्या वड्यांत १५ ग्रॅम मिळतं, दुसरं इतकं स्वस्त काही नाही.

भात खा. पण जेवणाच्या शेवटी खा. आधी कोशिंबीर-भाजी-वरण, मग पोळी, मग वाटीभर भात, असं केलं की जेवणानंतर साखर हळू चढते आणि भात आपोआप कमी लागतो.

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले तर हुरळून जाऊ नका, शरीरात साठवलेल्या साखरेबरोबर तिच्या तिपटीने पाणी असतं, ते गेलेलं असतं. तसंच पाळीच्या आधी किलो-दीड किलो वाढलं तर घाबरायचं नाही. महिन्याचा कल बघायचा. आणि एकदा थायरॉइडसाठी टीएसएच, बी१२ आणि डी ही व्हिटॅमिनं आणि हिमोग्लोबिन बघून घ्या, थकवा असेल तर त्याचं कारण तिथे सापडू शकतं. रात्री दहाला जेवून अकराला झोपणं हे मात्र बदलायला हवं, आल्या आल्या पंधरा मिनिटांत नऊच्या आत जेवून घ्या, घर नंतर आवरता येतं.

कळवेकर

एवढं मोजमाप रोजच्या धावपळीत कोणाला जमतं सांगा. मी दीक्षित सरांची पद्धत पाळतो, दिवसात दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, मध्ये काही नाही, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. माझं एचबीएवनसी ६.८ होतं ते ५.८ वर आलं, डॉक्टरांनी स्वतः बघितलंय. मोजायचं काही नाही, डबे नाहीत, फुटाणे नाहीत. पाच वाजता खा, अकराला खा हे सांगून लोकांना दिवसभर खाण्याचाच विचार करायला लावायचं हे मला पटत नाही. जुईताई, तुम्हीही बघा, पैसा पण लागत नाही.

आहारतज्ज्ञ_पाचपाखाडी

कळवेकर, तुमचं ५.८ वर आलं हे फारच छान झालं, मनापासून अभिनंदन. ही पद्धत बऱ्याच जणांना लागू पडते आणि त्याचं एक कारण हेच की मध्ये येणारे चहा-बिस्किट-फरसाण सगळं एका फटक्यात जातं. माझे दोनच मुद्दे आहेत. शुगरच्या काही गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जेवणात इतकं मोठं अंतर ठेवायचं नाही, साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि दोनच जेवणं असतील तर त्या दोन जेवणांत दिवसाचं सगळं प्रोटीन बसलं पाहिजे, नाहीतर पोळी-भात भरपूर आणि बाकी काही नाही असं होतं. जुईंचा दिवस बघितला तर दुपारी दीडनंतर थेट रात्री नऊ आणि मध्ये दीड तासाचा प्रवास, जिन्यांवर चढउतार, गर्दी. त्यांची अडचण नेमकी त्याच वेळेला आहे, म्हणून मी पाचचं खाणं काढणार नाही. ज्याला जी पद्धत सणावाराला, आजारपणात, मुलांच्या परीक्षेत पण पाळता येते ती त्याची.

वागळे_इस्टेट

आजकाल वजनाची इंजेक्शनं निघालीयेत त्याबद्दल कोणी का बोलत नाही? आमच्या ऑफिसात दोघं घेतायत.

आहारतज्ज्ञ_पाचपाखाडी

ती खरी औषधं आहेत आणि काही पेशंटना खूप उपयोगी आहेत, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं, मित्राचं बघून नाही. त्यातल्याच सेमाग्लुटाइड या औषधाच्या अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं होतं, म्हणजे ताट आणि व्यायाम तेव्हाही बदलावा लागतोच. जुईंच्या डॉक्टरांनी गोळी पण नको म्हटलंय, त्यामुळे हा विषय इथे वाढवत नाही.

माई_नौपाडा

जुई, अगं तू लिहिलंयस ना की सासूबाईंना वेगळं करायला लावणं जमणार नाही, ते वाचून मी लिहायला बसले. मी स्वतः सासू आहे. डाएट हा शब्दच घरात काढू नकोस, तो ऐकला की आम्हाला वाटतं आमच्या हातचं आता नको झालंय. त्यांच्याजवळ बस आणि सरळ सांग की आई, मला शुगरची सुरुवात दिसतेय, बाबांसारखं व्हायला नको, तुम्ही मला मदत करा. मदत मागितली की आमच्या वयाची बाई पदर खोचून उभी राहते बघ. मग त्यांनाच विचार, कुळथाचं पिठलं कधी करायचं, शेवग्याच्या शेंगांची आमटी करूया का, मेथीची कोरडी भाजी करूया का. हे सगळं आपलंच आहे, त्यात नवीन शिकायचं काही नाही.

रविवारी सकाळी मूग, मटकी, चवळी भिजत घालायची, सोमवारी उपसून बांधायची, मोड आले की डब्यात भरून फ्रीजमध्ये, तीन-चार दिवस सहज जातात. उसळीला फोडणी चमचाभर तेलाची, आणि दाण्याचं कूट-खोबरं दोन्ही एकदम नको, एक काहीतरी. कूट चांगलंच आहे पण शंभर ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, आणि आपण मूठ-मूठ घालतो. कोशिंबीर मात्र तू चिर, आल्या आल्या, पाच मिनिटं लागतात, त्यांच्या कंबरेला ते उभं राहून चिरणं नको.

आणि एक सांगते, भाकरी खाल्ली की वजन उतरतं असं सगळीकडे बोलतात. ज्वारी-बाजरी पोटाला चांगली, भूक लवकर लागत नाही, मी रोज खाते. पण पिठाच्या कॅलरी गव्हाच्या आणि ज्वारीच्या जवळपास सारख्याच. एका फुलक्याला २५-३० ग्रॅम पीठ लागतं आणि हाताएवढ्या भाकरीला ६०-७०. दोन फुलके सोडून दोन भाकऱ्या खाल्ल्या तर दुप्पट झालं. एक भाकरी, भरपूर भाजी, असं.

भाताचं पातेलं जेवायला बसतो तिथे आणायचं नाही, ओट्यावरच ठेवायचं. वाढून घ्यायला उठावं लागलं की माणूस विचार करतो. तूप सोडू नकोस, वरणभातावर चमचाभर असू दे, चमचा म्हणजे छोटा, पाच ग्रॅमचा, ४५ कॅलरी.

जुई_मानपाडा

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय, खरंच डोळ्यात पाणी आलं. माई, काल रात्रीच सासूबाईंशी बोलले आणि त्यांनी आज सकाळी विचारलं पण की कुळीथ पीठ संपलंय, येताना आणतेस का. त्यांचं स्वतःचंही प्रेशर आहे, म्हणाल्या तेल कमी करू, मलाही बरं.

अजून दोन गोष्टी विचारायच्यात. एक, माझे गुडघे जिना उतरताना दुखतात, स्टेशनचा पूल उतरताना विशेष. जिमची वर्षाची फी भरायची माझी तयारी नाही आणि वेळ पण नाही. मग व्यायाम काय करू? दोन, रविवारी आमच्याकडे मासे असतात, ते चालू ठेवायचे ना?

घणसोलीकर

जुईताई मासे चालू ठेवायचे का हे विचारूच नका, आम्ही आगरी लोक, मला तर ते बंद म्हणताच येणार नाही. बांगडा शंभर ग्रॅम म्हणजे १९-२० ग्रॅम प्रोटीन, तारली पण तशीच, आणि चरबी चांगल्या जातीची. फक्त कालवण जास्त करा आणि रव्यात घोळवून तेलात सोडणं कमी करा, तव्यावर दोन चमचे तेलात खमंग होतात. बोंबील तर नुसत्या मसाल्यात तव्यावर टाकले तरी सुंदर. सुकट-जवळ्यात मीठ खूप असतं, सासूबाईंना प्रेशर आहे तर ते कधीतरीच. आणि तांदळाची भाकरी खाल्ली की त्या दिवशी भात नको, ती पण तांदूळच आहे.

आता गुडघे. मी लोकांना व्यायाम शिकवतो त्यामुळे हे रोज ऐकतो. उतरताना दुखतात म्हणजे बऱ्याचदा मांडीचे पुढचे स्नायू कमी पडतायत, पण सूज येत असेल, गुडघा अडकत असेल किंवा अचानक निसटत असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तसं नसेल तर घरीच आठवड्यातून दोन दिवस वीस-वीस मिनिटं पुरे, मध्ये एखादा दिवस सोडून. भिंतीला टेकवलेली पक्की खुर्ची घ्या, तिच्यावर बसायचं आणि हात न टेकता उठायचं, सावकाश, बसताना मनात तीन आकडे मोजत. दहा वेळा, थोडं थांबून परत दहा. जड जात असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. मग उताणं झोपून पाय दुमडून कंबर वर उचलायची. मग भिंतीला हात लावून पुशअप. मग मुलाचं दप्तर वह्या भरून दोन्ही हातांनी छातीकडे ओढायचं, वाकून, पाठ सरळ ठेवून. एवढंच. दहा सोपे वाटायला लागले की बारा करा, मग पंधरा, मग दप्तरात अजून दोन पुस्तकं. वाढवत न्यायचं हे मुख्य आहे, तेच ते सहा महिने केलं तर शरीर पुढे जात नाही. श्वास रोखून धरायचा नाही.

लोक चालतात खूप पण ताकदीचा व्यायाम करत नाहीत, विशेषतः बायका, त्यांना वाटतं हातपाय जाड होतील. तसं होत नाही हो. चाळिशीनंतर स्नायू आपोआप कमी व्हायला लागतात, आणि जेवणातली साखर ओढून घेणारे मुख्य तेच स्नायू असतात, म्हणजे तुमच्या ५.९ साठी हे औषधच आहे. डब्ल्यूएचओ पण १५० मिनिटांच्या चालण्यासोबत आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगतं, तो अर्धा भाग सगळे विसरतात.

आणि गुडघ्यांसाठी एक चांगली बातमी. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो. साडेपाच किलो म्हणजे बघा. रविवारी मुलाला घेऊन उपवन तलावाला किंवा कचराळीला सपाटीवर चाला, कोलशेतचं सेंट्रल पार्क पण तुम्हाला जवळ पडेल. येऊरचा चढ आत्ता नको, चढायला काही नाही पण उतरताना गुडघे बोलतील. दोन-तीन महिने खुर्चीचा व्यायाम झाला की मग जा, पावसाळ्यानंतर छान वाटतं तिकडे.

नेरुळचा_वाटसरू

घणसोलीकरांचं दप्तर आवडलं, मी पण आजपासून करतो. जुईताई, एक राहिलं, मधले काही आठवडे काटा अजिबात हलत नाही, प्रत्येकाचं होतं, माझं तर दिवाळी ते होळी एकाच आकड्यावर होतं. त्या काळात टेप बघा, पँट बघा, जिना चढताना दम लागतो का बघा. त्या वेळी चिडून जेवण अजून तोडू नका.

जुई_मानपाडा

हो, ते लिहून ठेवलंय. आज ऐरोलीला चालत गेले, पंधरा मिनिटं लागली, रिक्षाच्या रांगेत तेवढाच वेळ जातो हे आज कळलं. खुर्चीवरचं आठ वेळा जमलं, उशी ठेवून.

शेवटचं विचारते, माझी संकष्टी असते आणि श्रावणी सोमवार. उपास सोडायचा नाहीये, श्रद्धा आहे. पण त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स आणि चंद्रोदयाला मोदक असा दिवस असतो. त्याचं काय करू?

माई_नौपाडा

उपास सोडू नकोस गं, उपासाचे पदार्थ बदल. साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्च, शंभर ग्रॅममध्ये प्रोटीन एक ग्रॅम पण नाही, आणि त्यात तूप, दाणे, बटाटा. त्याऐवजी राजगिऱ्याचं पीठ आण, त्यात शंभर ग्रॅमला १४ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. त्याचं थालीपीठ काकडी किसून घालून कर, दुधी पण चालतो, सोबत घट्ट दही. दुपारी डब्यात हेच ने. पाच वाजता ताक आणि एखादं फळ, पेरू मिळाला तर उत्तम. संध्याकाळी वरीचा भात वाटीभर आणि दाण्याची आमटी, आमटीत दाणे कमी आणि भोपळा जास्त. खिचडी खायचीच असेल तर महिन्यातून एकदा कर, पण साबुदाणा निम्मा आणि बाकी काकडी-दही.

मोदक उकडीचा एक खा, देवाला दाखवलेला प्रसाद आहे तो. तळणीचा करू नका त्या दिवशी. आणि चंद्रोदय उशिरा असतो तेव्हा पूर्ण दिवस रिकाम्या पोटी राहून रात्री एकदम जेवू नकोस, तुला प्रवास असतो, चक्कर यायची. राजगिरा पीठ गोखले रोडला मिळेल, थोडंच आण, ते लवकर कडवट होतं, फ्रीजमध्ये ठेव.